ऋक्षराज आणि अस्वल : पशुबलाच्या वाङ्मयीन चित्रणाविषयी

१

पशूच्या बलाचे वर्णन ही वाङ्मयातील सोपी गोष्ट आहे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. गर्जना, झेप, नखे, रक्त आणि अखेरीस बंदुकीचा बार एवढी सामग्री हाताशी असली की प्रसंग आपोआप उभा राहतो, असे शिकारकथा लिहिणारांस वाटत आले आहे. वाघाच्या बाबतीत ही समजूत काही काळ टिकू शकते. कारण वाघ हा मनुष्याहून सर्वस्वी निराळा आहे. त्याचे चालणे, त्याचे खाणे, त्याचा एकांत यांपैकी कशातही आपल्याला आपले प्रतिबिंब दिसत नाही, आणि म्हणून त्याला प्रतिस्पर्धी करून टाकणे लेखकाला जड जात नाही. अस्वलाच्या बाबतीत मात्र ही सामग्री पुरत नाही. अस्वल मागच्या पायांवर उभे राहते. त्याच्या मागच्या पावलाचा ठसा ओल्या मातीत मनुष्याच्या अनवाणी पावलासारखा उमटतो. मध, मोहफुले, बोरे, जांभळे हे त्याचे खाणे आपलेही खाणे आहे. आणि आपल्या रानातली अस्वली पिलांना पाठीवर घेऊन हिंडते. अशा प्राण्याच्या बलाचे वर्णन करू लागले की वर्णन करणारास स्वतःच्या बलाचाही हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब कोणत्या वाङ्मयाने चोख दिला आणि कोणी चुकविला, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विचार मला सुचला तो अनुवादकाच्या अडचणीतून. विल्यम फॉकनर यांची ‘द बेअर’ ही दीर्घकथा मराठीत आणण्याचा प्रयत्न मी काही वर्षांपूर्वी आरंभिला, आणि थोड्याच पृष्ठांनंतर एका सर्वनामापाशी अडलो. मराठीत वाघ, सिंह, लांडगा, बिबट्या, हत्ती हे सारे पुल्लिंगी आहेत. अस्वल तेवढे नपुंसकलिंगी आहे. ‘ते अस्वल’ म्हणताच ते माकड, डुक्कर, हरीण, मांजर, पाखरू यांच्या पंक्तीस जाऊन बसते. कन्नडमध्ये ही अडचण नाही. तेथे सारेच पशू व्याकरणदृष्ट्या नपुंसक, त्यामुळे एकट्या अस्वलाचा अधिक्षेप होत नाही. बंगालीत सर्वनामाला लिंगच नाही. हिंदीतील भालू आणि रीछ दोन्ही पुल्लिंगी आहेत. मराठीनेच वाघाला ‘तो’ म्हणून अस्वलाला ‘ते’ म्हणावयाचे ठरविले आहे. व्याकरणातील लिंग हे अर्थाशी बांधलेले नसते, हे मी जाणतो. परंतु अनुवादकाच्या कानाला ते जे ऐकू येते त्याची उपेक्षा त्याने करू नये, असेही मला वाटते.

२

मराठी भाषेने अस्वलाला काय दिले, हे पाहू गेल्यास दोन गोष्टी पुढे येतात. एक ‘अस्वली गुदगुल्या’ हा वाक्प्रचार, आणि दुसरी दरवेशाच्या हातातील दोरी.

अस्वल माणसाला गाठते आणि गुदगुल्या करून करून मारते, ही समजूत मराठी मुलांच्या कानांवर पूर्वीपासून पडत आली आहे. प्रेमाचा आव आणून केलेल्या जीवघेण्या जवळिकीला आपण अस्वली गुदगुल्या म्हणतो. वाक्प्रचार म्हणून तो मार्मिक आहे, यात शंका नाही. पण त्यात जे झाकले गेले आहे ते मोठे आहे. आपल्या रानांतील काळे अस्वल पुष्कळदा पुऱ्या वाढीच्या माणसाहून फार जड नसते. मोठा नर सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात जातो. पण त्याची पुढची नखे तीन-चार इंच लांब असतात, आणि ती कठीण वारुळे उकरण्यासाठी घडलेली असतात. वरच्या जबड्यातील मधले दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वारुळातील वाळवी ओढून घेते, आणि हा आवाज रानात पुष्कळ दूरवर ऐकू जातो. खाण्यात गुंतलेल्या या प्राण्याला मनुष्याची चाहूल उशिरा लागते. अंतर संपल्यावर ते पळत नाही, उठून उभे राहते आणि समोरच्या चेहऱ्यावर घाव घालते. वाघाच्या सहवासात ज्याची जात वाढली त्याला चढाई हाच बचाव शिकावा लागला, असे प्राणिशास्त्रज्ञ सांगतात. या गाठीतून वाचलेल्या माणसाचा डोळा, नाक, गाल, टाळू यांपैकी काही तरी गेलेले असते. भाषेने या प्रकाराला गुदगुल्या म्हटले. भयाचे हसण्यात रूपांतर करणे ही लोकमानसाची जुनी रीत आहे. तिला दोष देण्याचे कारण नाही. परंतु हे हसणे गावातल्या माणसाचे आहे, रानातल्या माणसाचे नव्हे, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

दरवेशी हा दुसरा साक्षी. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दरवेशी येई. नाकातून दोरी ओवलेले अस्वल दोन पायांवर उभे राही. दरवेशी मुलांना त्याच्या पाठीवर बसवी, आणि त्याच्या केसांचा ताईत आया मुलांच्या गळ्यात बांधीत. ज्याचे दात पाडलेले आहेत त्याच्या केसांत मात्र बल शिल्लक आहे, अशी ती श्रद्धा होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा धंदा बेकायदा ठरला आणि २००९ च्या सुमारास या देशातील शेवटचे नाचरे अस्वल सोडविले गेले. ती प्रथा गेली हे उत्तमच झाले. पण आपल्या वाङ्मयातील अस्वल पुष्कळसे त्या दोरीच्या टोकाचेच अस्वल राहिले. बालगोष्टींत ते बावळट आहे, विनोदी लेखनात केसाळ माणसाची उपमा आहे. रानातले अस्वल आपल्या गद्यात फारसे आलेच नाही.

३

ही अवस्था मुळापासून अशीच होती, असे मात्र म्हणता येणार नाही. ऋक्ष हा संस्कृत शब्द अतिप्राचीन आहे. ग्रीक ‘आर्क्तोस’ आणि लॅटिन ‘उर्सुस’ हे त्याचे सख्खे भाऊबंद. उत्तरेकडील लोकांनी भयापोटी हे मूळ नाव उच्चारणेच सोडले, असा भाषाशास्त्रज्ञांचा तर्क आहे. जर्मानिक भाषांनी त्याला ‘तपकिरी’ म्हटले. स्लाव्ह लोकांनी ‘मेद्वेद’, म्हणजे मध खाणारा, म्हटले, आणि या शब्दात आपला ‘मधु’ आणि आपला ‘अद्’ धातू दोन्ही ओळखू येतात. आपण मूळ नाव टाकले नाही. प्राकृतातील ‘अच्छभल्ल’ या शब्दाशी ज्याचे नाते जोडले जाते तो आपला ‘अस्वल’ शब्दही त्या मूळ ऋक्षाचाच वंशज ठरतो. शतपथ ब्राह्मणात सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत असा उल्लेख आहे. ग्रीकांनी आकाशात अस्वल ठेवले. आपण त्याच ताऱ्यांत ऋषी पाहिले. नाव धरून ठेवूनही मूर्ती बदलावी, ही आपल्या परंपरेची खास रीत येथेही दिसते.

या रीतीचे सर्वांत समृद्ध उदाहरण जांबवान. वाल्मीकींनी त्याला ब्रह्मदेवाच्या जांभईतून जन्मास घातले. पण रामायणातील जांबवानाचे वैशिष्ट्य त्याच्या जन्मात नाही, वयात आहे. समुद्र ओलांडण्याचा प्रश्न पुढे येतो तेव्हा तो म्हातारा झालेला आहे. आपण आता नव्वद योजने जाऊ शकू, त्यापुढे नाही, हे तो सर्वांसमक्ष सांगतो. तरुणपणी त्रिविक्रमाला प्रदक्षिणा घातली होती हेही सांगतो. आणि मग गप्प बसलेल्या हनुमंताला त्याच्या बलाची आठवण करून देतो. पुढे युद्धकांडात बाणांनी जर्जर होऊन पडलेला असता तो प्रथम विचारतो ते हनुमान जिवंत आहे काय हे, आणि मग त्याला औषधींचा पर्वत दाखवितो. म्हणजे या महाकाव्यात उडी वानराची आहे, आणि उडीचे ज्ञान ऋक्षाचे. बल ओसरल्यानंतर ते ओळखीच्या रूपाने उरते, हा विचार आदिकवीने एका अस्वलाच्या ठायी ठेवला, याचे आपल्या टीकाकारांना आश्चर्य वाटल्याचे मला फारसे दिसले नाही.

भागवतातील स्यमंतक मण्याची कथा महाराष्ट्रात गणेशचतुर्थीच्या निमित्ताने घरोघर सांगितली जाते. तेथील जांबवान निराळा आहे. रोज आठ भार सोने देणारा मणी गळ्यात घालून प्रसेन मृगयेला जातो. सिंह त्याला मारतो. सिंहाला जांबवान मारतो, आणि तो मणी गुहेत नेऊन पोराला खेळायला देतो. या एका तपशिलात कवीने फार सांगून टाकले आहे. ज्या मण्यापायी द्वारकेत कृष्णावर चोरीचा आळ येतो त्याची गुहेतील किंमत खेळण्याएवढी. पुढे कृष्ण आणि जांबवान यांचे युद्ध अठ्ठावीस दिवस चालते. विष्णुपुराण एकवीस सांगते. शस्त्रे, दगड, झाडे असे करता करता ते मुठींवर येते. साऱ्या साधनांचा आश्रय संपल्यावर उरलेले हे द्वंद्व आहे. त्यात जांबवान हरतो तेव्हा तो समोरच्याला ओळखतो. आणि ओळख पटताच वैर संपून नाते जुळते, जांबवती द्वारकेस जाते. अस्वलाशी गाठ म्हणजे ओळखीची कसोटी, हे सूत्र रामायण आणि भागवत या दोन्ही ठिकाणी समान आहे. फरक इतकाच की रामायणात अस्वल दुसऱ्याला त्याची ओळख देते, भागवतात ते स्वतः ओळखते.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. जांबवान हा बोलणारा ऋक्ष आहे. त्याला वंश आहे, कन्या आहे, स्मृती आहे. त्याच्या रूपाने आपण अस्वलाला मोठे केले, आणि तसे करताना त्याचे रानटीपण काढून घेतले. ऋक्षराजाला ‘तो’ मिळाले. रानातल्या अस्वलाकडे ‘ते’ उरले. आपल्या वाङ्मयातील फट येथे आहे.

४

ही फट अन्य वाङ्मयांत कशी हाताळली गेली, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम एका प्रवासी कथेचा उल्लेख करतो. झोपलेल्या राजाच्या अंगावरील माशी मारावयास सेवक माकड तलवार उचलते आणि राजाच मरतो, ही पंचतंत्राच्या प्रचलित पाठांतील गोष्ट आपणांस ठाऊक आहे. पश्चिमेकडे जाता जाता या कथाबीजातील माकड बदलले. तेराव्या शतकात रूमीच्या मसनवीत आणि पुढे काशिफीच्या ‘अन्वार-इ-सुहैली’त त्याच्या जागी अस्वल आढळते आणि तलवारीच्या जागी दगड; १६७८ मध्ये ला फाँतेनने तेच अस्वल फ्रेंचमध्ये आणले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्रिलोव्हने रशियनमध्ये. रशियन भाषेत आज ‘अस्वलाची सेवा’ हा नुकसान करणाऱ्या मदतीचा वाचक झाला आहे.

पात्रबदल किरकोळ दिसतो. पण त्याने कथेचा अर्थ पालटला. माकडाच्या हातातील तलवार दुसऱ्याची असते. दोष अपात्राच्या हाती शस्त्र देणाऱ्या राजाचा. अस्वलाचा दगड त्याच्या स्वतःच्या बलाने उचललेला असतो, आणि त्यामागे खरे प्रेम असते. भारतीय पाठ राजनीतीचा आहे. फारसी आणि युरोपीय पाठ मैत्रीचा. ज्याच्या बलाला मर्यादा नाही त्याच्या प्रेमालाही मर्यादा नाही, आणि म्हणून ते भयंकर, असा बोध त्यात शिरला. आपल्या अस्वली गुदगुल्या या बोधाच्या किती जवळ आहेत, हे सांगावयास नको.

परंतु बोधकथेत पशू हा उपमेय-उपमानांच्या खेळातील सोंगटी असतो. प्रत्यक्ष गाठीचे वाङ्मय पाहावयाचे तर टॉल्स्टॉयकडे वळले पाहिजे. १८५८ च्या डिसेंबरात, तीस वर्षांचे असताना, ते अस्वलाच्या शिकारीस गेले. शिकाऱ्यांनी आपापल्या जागेभोवतीचे बर्फ तुडवून ठेवावे, म्हणजे हालचालीस जागा राहते, अशी सूचना होती. आपल्याला अस्वलाला गोळी घालावयाची आहे, त्याच्याशी कुस्ती खेळावयाची नाही, असे म्हणून त्यांनी ती मानली नाही, असे त्यांचे चरित्रकार एल्मर मॉड यांनी नोंदविले आहे. अस्वल त्यांच्यावरच आले, त्यांना खाली पाडले आणि त्यांच्या कपाळाचा चावा घेतला. पुढे मुलांसाठी केलेल्या वाचनपुस्तकात त्यांनी या प्रसंगाची कथा लिहिली. तिचे रशियन नाव एका म्हणीचे आहे. त्यातील ‘ओखोता’ या शब्दाचा अर्थ शिकार असाही होतो आणि इच्छा असाही. इच्छा ही बंधनाहून बळकट, असे ती म्हण सांगते. हा श्लेष अनुवादात हरवतो, आणि त्याबरोबर लेखकाने स्वतःवर ठेवलेला ठपकाही हरवतो.

या छोट्या कथेची महत्ता तिच्या कोरडेपणात आहे. अंगावर काही जड पडले आहे, चेहऱ्यावर उष्ण श्वास आहे, रक्ताचा वास आहे, एवढेच तो सांगतो. भीतीचे वर्णन नाही. शौर्याचे तर नाहीच. बल हे येथे विशेषण म्हणून येत नाही, वजन म्हणून येते. आणि मग येतो तो खेडूत, ज्याने त्याला वाचविले. त्याच्याजवळ बंदूक नव्हती. हातातील काठी घेऊन, ओरडत तो धावत आला आणि अस्वल पळाले. सरदाराची दुनळी जेथे निरुपयोगी झाली तेथे खेडुताची काठी उपयोगी पडली. टॉल्स्टॉय या विरोधावर भाष्य करीत नाही; पण ज्याने त्यांचे नंतरचे लेखन वाचले आहे त्याला त्यांच्या पुढील सर्व विचाराचे बीज येथे सापडेल. पुढे त्यांनी शिकार सोडली, आणि १८९० मध्ये शिकारीच्या विरुद्ध लिहिलेल्या चेर्त्कोव्ह यांच्या पुस्तिकेस प्रस्तावनाही लिहिली. कपाळावरील त्या जखमेचा हिशेब त्यांनी उशिरा का होईना चुकता केला, असे म्हणावयास हरकत नाही.

५

फॉकनरची ‘द बेअर’ ही कथा १९४२ मध्ये ‘गो डाउन, मोझेस’ या ग्रंथात समाविष्ट झाली. मिसिसिपीतील एका मोठ्या अरण्यात दरवर्षी काही माणसे शिकारीस जातात. त्या अरण्यात ओल्ड बेन नावाचे एक अस्वल आहे. सापळ्यात सापडून त्याचे एक पाऊल अधू झालेले आहे. आयझॅक मॅक्कॅस्लिन हा मुलगा या अस्वलाच्या कथा ऐकत वाढतो. सॅम फादर्स हा चिकसॉ सरदार आणि गुलाम स्त्री यांचा पुत्र त्याचा गुरू आहे.

बलाच्या चित्रणाचा विचार करणारास या कथेत प्रथम जाणवते ते हे, की अस्वल पुष्कळ वेळ दिसतच नाही. त्याचे बल आपल्याला खुणांवरून कळते : कुजलेल्या ओंडक्यावरील ओरखडे, चिखलातील वेडेवाकडे पाऊल, कुत्र्यांच्या भुंकण्यातील बदललेला स्वर. मुलाला ते दिसावे अशी इच्छा आहे. बंदूक असेपर्यंत ते दिसणार नाही, असे सॅम त्याला सांगतो. मुलगा बंदूक ठेवून जातो. तरी दिसत नाही. मग घड्याळ आणि होकायंत्र झुडपावर टांगून तो पुढे जातो, वाट चुकतो, आणि तेव्हा अस्वल दिसते. म्हणजे अंतर मोजण्याची, वेळ मोजण्याची आणि जीव घेण्याची साधने टाकल्यावर ही गाठ पडते. भागवतातील द्वंद्व शस्त्रांपासून मुठींपर्यंत येते आणि अखेर ओळख पटते, त्याचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. दोन्ही कथांमध्ये कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. संबंध आहे तो विषयाच्या स्वभावाचा.

पुढे एका प्रसंगी मुलाचे छोटे कुत्रे अस्वलावर धावून जाते. मुलगा बंदूक टाकून कुत्र्याला उचलावयास धावतो आणि अस्वलाच्या अगदी पुढ्यात सापडतो. त्याने गोळी झाडली नाही, आणि सॅमनेही झाडली नाही. जवळ जाणे शक्य झाले ते मारण्याचा हेतू नसल्यामुळे, हे लेखक सुचवितो.

पण फॉकनर येथेच थांबता तर कथा भाबडी झाली असती. अस्वल मारले जाते. लायन नावाचा प्रचंड कुत्रा त्याचा गळा धरतो. बून हॉगनबेक त्याच्या पाठीवर चढून सुरा खुपसतो. कुत्रा आणि माणूस अंगावर असतानाच ते अस्वल उभे राहते, माणसासारखी दोन-तीन पावले टाकते, आणि झाड कोसळावे तसे एकसंध कोसळते. ही झाडाची प्रतिमा सजावटीसाठी आलेली नाही. शेवटच्या भागात त्या अरण्याचे लाकूड कंपनीला विकले गेले आहे, आणि ओंडके वाहणारी आगगाडी रानात शिरली आहे. मधल्या चौथ्या भागात आयझॅक आपल्या घराण्याच्या जुन्या वह्या वाचतो. त्यांत गुलामांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत, आणि आजोबांनी केलेल्या घोर अनाचाराची खूणही आहे. त्या वाचून तो वयाच्या एकविसाव्या वर्षी वारसा नाकारतो. अनेक वाचकांस हा भाग कथेबाहेरचा वाटतो, आणि तो गाळून कथा छापण्याची प्रथाही पडली. माझे मत उलट आहे. अस्वलापुढे ज्याने साधने टाकली त्यालाच पुढे मालकी टाकता आली. रानावर मालकी सांगणे आणि माणसावर मालकी सांगणे यांच्या मागे एकच वृत्ती आहे, हे चौथ्या भागाशिवाय कळत नाही. तो गाळला की उरते ती शिकारकथा.

आता माझी अडचण. इंग्रजीत लेखकाला निवड असते. ओल्ड बेनला फॉकनर कधी पुल्लिंगी सर्वनामाने संबोधतो, कधी निर्जीव वस्तूच्या. आणि ही ये-जा निर्हेतुक नाही. नावाने ज्याची कीर्ती गायली जाते तो एक, आणि झाडीत निश्चल उभे असलेले ते दुसरे. मराठी अनुवादात मी प्रथम सरसकट ‘ते’ वापरले. अस्वल खेळण्यासारखे झाले. मग सरसकट ‘तो’ केले. तेव्हा त्याला जांबवानाचा वास येऊ लागला, आता हे बोलू लागेल असे वाटू लागले. ‘रीस’ हा जुना मराठी शब्द घेऊन पाहिला. तो आजच्या वाचकापर्यंत पोचेना. वर्षभराने मी हस्तलिखित बाजूला ठेवले. अपयश माझे होते. पण ते सर्वस्वी माझे होते असे मला वाटत नाही. ज्या भाषेच्या गद्यात रानातले अस्वल पूर्वी कोणी नीट चालविलेलेच नाही, तिच्यात परक्या रानातले अस्वल एकाएकी कसे चालणार ?

६

येथे कोणी म्हणेल की भारतात अस्वलांवर लेखन झालेच नाही, असे नाही. जिम कॉर्बेट यांनी ‘द टेम्पल टायगर’ या १९५४ च्या पुस्तकात वाघाच्या भक्ष्यावर चालून आलेल्या हिमालयी अस्वलाची आणि वाघाची झुंज लिहिली आहे. केनेथ अँडरसन यांनी १९५७ मध्ये म्हैसूरच्या एका काळ्या अस्वलाची कथा प्रसिद्ध केली. या दोघांच्या निरीक्षणाविषयी मला आदर आहे. अँडरसनच्या कथेत तर त्या अस्वलाला मनुष्यानेच काही इजा केली असावी, अशी कणव आहे. परंतु दोघांच्याही लेखनात अखेरचा शब्द बंदुकीचा आहे, आणि ज्यांचे चेहरे फाटले ती माणसे कथेच्या आरंभी येऊन जातात. त्यांचे काम शिकाऱ्याला बोलावून आणणे एवढेच. टॉल्स्टॉयला वाचविणारा खेडूत निदान कथेच्या मध्यभागी धावत येतो. आपल्या शिकारकथांत तो उंबरठ्यावरच थांबतो.

मराठीने रानाकडे पाहिलेच नाही, असेही म्हणता येणार नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळ्यांवरील कादंबरी बंदुकीशिवाय रान पाहण्याचा उत्तम नमुना आहे. २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात हयात घालवून रानातील माणसांचे शब्द मराठीत आणले. या दोघांनी वाट करून दिली आहे. तथापि अस्वलाशी ज्याची नित्य गाठ पडते त्या मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्या माणसाच्या दृष्टीने लिहिलेले मराठी गद्य माझ्या वाचनात आलेले नाही.

अशा एका माणसाशी नागझिऱ्याच्या बाजूच्या गावात माझे बोलणे झाले होते. डावा डोळा नव्हता. गालावरील कातडी ओढून शिवल्यासारखी होती. घडले ते त्याने चार वाक्यांत सांगितले. पहाटे मोहाखाली फुले वेचीत होता. झाडाच्या पलीकडच्या अंगाला तेही वेचीत होते. दोघेही वाकलेले, म्हणून दोघांनाही कळले नाही. “तो बी येचत होता, मी बी येचत होतो. एकाच वेळी उठलो.” मी विचारले, राग येतो काय ? तो म्हणाला, “त्याचा बी झाड आहे ना, बाबूजी.”

त्याने ‘तो’ म्हटले होते. त्या बाजूच्या बोलण्यात असे चालते. शेजारची हिंदी आहे, आणि नपुंसकलिंगाची पकड तेथे सैल आहे. मी ज्या सर्वनामासाठी वर्षभर अडलो होतो ते त्याच्या तोंडी सहज होते, आणि त्यात जांबवानाचा वास नव्हता. त्यात एक शेजारी होता, ज्याचे बल त्याने आपल्या चेहऱ्यावर भोगले होते आणि ज्याचा झाडावरील हक्क त्याला मान्य होता. गुदगुल्यांचा विनोद, ऋक्षराजाचा गौरव आणि शिकाऱ्याची बढाई या तिन्हींच्या पलीकडचे ते वाक्य होते.

यावरून अनुवादकांना एक सुचवावेसे वाटते. रान, पशू आणि त्यांचे बल यांविषयीचे परकीय वाङ्मय मराठीत, किंबहुना कोणत्याही भारतीय भाषेत, आणताना आपण प्रमाणभाषेच्या कोशाकडे धाव घेतो, आणि कोश गावात बसून केलेला असतो. ती भाषा रानाच्या कडेच्या बोलींत आधी ऐकली पाहिजे. आणि टीकाकारांनी पशुबलाच्या चित्रणाची परीक्षा करताना लेखकाने किती भय उभे केले हे मोजण्यापेक्षा, ज्याच्या अंगावर ते बल आले त्याला किती वाक्ये दिली हे मोजावे. ही कसोटी लावली तर अनेक गाजलेल्या शिकारकथा लहान होतील, टॉल्स्टॉयची ती लहानशी मुलांची गोष्ट मोठी होईल, आणि फॉकनरचा चौथा भाग गाळण्याचे धाडस कोणी करणार नाही.

बाजूला ठेवलेले हस्तलिखित मी पुन्हा काढले आहे. ओल्ड बेनला आता ‘तो’ म्हणतो आहे. मात्र ते वाक्य लिहिण्यापूर्वी त्या माणसाच्या तोंडून ते कसे आले असते, हे मनात ऐकल्याशिवाय पुढे जात नाही. काम सावकाश चालले आहे.